आवक क्रमांक ८७

वाघझरी तांडा, पो. पांढरकवडा
१८ डिसेंबर २००५

आदरणीय मुनेश्वर सर यांना,

सादर नमस्कार. अर्ज करण्यास कारण की, मी सौ. अंजू राजकुमार आडे, वाघझरी तांड्यातील अंगणवाडीत सेविका आहे. आपला पत्ता 'बोडक्या टेकडीवरचं यान' या आपल्या पुस्तकाच्या मागील पानावरून घेतला. पुस्तक १९८६ सालचं आहे. आपण अजून त्याच शाळेत शिकवता की नाही, ठाऊक नाही, तरी लिहीत आहे.

पुस्तकाच्या शेवटी चौकटीत आपण छापलं आहे: "ज्या मुलांनी हे पुस्तक वाचलं, त्यांनी २९ फेब्रुवारी २००६ रोजी दुपारी चार वाजता पांढरकवड्याच्या पुढे हैदराबाद रस्त्यालगतच्या बोडक्या टेकडीवर हजर राहावं. यान उतरेल. पाण्याची बाटली सोबत आणावी. जागा मर्यादित."

ती टेकडी आमच्या तांड्याच्या मागेच आहे. माझे यजमान लहानपणापासून म्हणतात की जगात कुठंही असलो तरी त्या दिवशी मी टेकडीवर असणार. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी मला तिथं नेऊन जागा दाखवली होती. ते मागल्या वर्षीपासून घरी नाहीत. ट्रकवर आहेत, पत्ता नाही.

काल बाजारातून नवं कॅलेंडर आणलं. त्यात फेब्रुवारी अठ्ठावीसलाच संपते. मी दुकानदाराशी भांडले, त्यानं दुसरं दाखवलं, त्यातही तेच. मग लक्षात आलं.

तरी आपली खरी तारीख कोणती, २८ फेब्रुवारी की १ मार्च, ते कृपया कळवावं. मी आठ महिन्यांचं मूल घेऊन आणि सासूबाईंना धरून टेकडी चढणार आहे. हे कोणत्या दिवशी येतील, ते मला माहीत पाहिजे.

आपली विश्वासू,
सौ. अंजू राजकुमार आडे


लोहारा, यवतमाळ
२९ डिसेंबर २००५

सौ. अंजूताई यांस,

नमस्कार. तुमचं पत्र पुसदच्या शाळेत गेलं, तिथल्या शिपायानं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे दिलं, त्यानं आठ दिवस खिशात फिरवलं आणि शेवटी एकदाचं इथं पोचवलं. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली. औद्योगिक वसाहतीला लागून घर आहे. कान गेलेले असल्यामुळे फोनवर बोलत नाही. तुम्ही पत्र लिहिलंत, बरं केलंत.

'अर्ज करण्यास कारण की' हे वाक्य मी चौतीस वर्षं रजेच्या अर्जांवर वाचलं. ते वाचलं की पुढे पोटदुखी येणार असं वाटतं. पुढचं पत्र तुम्ही बोलता तसं लिहा.

तारखेविषयी. ती छापखान्यातली चूक आहे. माझ्या हस्तलिखितात १ मार्च होतं. खिळे जुळवणाऱ्यानं घोळ घातला. तेव्हा तुम्ही १ मार्चला जावं.

यान उतरणार नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी.

मी एकूण तीन पुस्तकं लिहिली, सगळी मुलांसाठी. त्यानंतर वेळ मिळाला नाही. मुलांची दोनशे चौदा पत्रं आली होती. शाळेच्या कार्यालयात असतं तसं आवक-जावक रजिस्टर ठेवून प्रत्येकाला उत्तर दिलं. तुमच्या यजमानांनी कधी लिहिलं होतं का, ते मात्र आठवत नाही.

तुमच्या सासूबाईंना माझ्या पत्नीचा, मथुराबाईचा नमस्कार सांगा. टेकडी चढवताना त्यांना काठी द्या.

गो. सं. मुनेश्वर


वाघझरी तांडा
९ जानेवारी २००६

सर, नमस्कार.

तुमी म्हणालात बोलता तसं लिही, त घ्या. मंग मले म्हणू नका की अंगणवाडीवालीले शुद्ध येत नाही.

एक मार्च ठरलं. मी आमच्या उत्तमसिंग नायकाले सांगून टाकलं. तांड्यात नायकाचा शब्द चालते, तो हो म्हणाला की सगळे हो. आता सांगतो त्याले काहून सांगा लागलं.

हे तांड्यातले पहिले बारावी सायन्स. पुढं शिकले नाही, पण हातात काहीनाकाही वाचायले असेच. दोन वर्साआधी यांनी पऱ्हाटीचं, कपाशीचं नवं बियाणं आणलं. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून वाचून सगळ्यायले पारावर समजावून सांगतलं, बोंडाच्या आत काय होते, अळी खाते त कशी मरते. फळ्यावर चित्र काढलं होतं खडूनं. नायक म्हणाला, "तू वाचलेला पोट्टा आहेस बापा, तू म्हणशीन ते." अकरा घरांनी तेच पेरलं. दिवाळीच्या आत लाल्या आला. पानं लाल झाली न बोंडं बोराएवढीच राह्यली. बाकी गावायत बी गेलंच होतं, पण त्यायनं आपापल्या मनानं पेरलं होतं. आमच्या तांड्यानं यांच्या मनानं पेरलं.

कोणी भांडलं नाही, सर. तेच वाईट झालं. भांडले असते त बरं होतं. नायक रस्त्यानं जाता जाता रामराम घेई, न हे घरात येऊन कोनाड्यात तोंड करून बसत. एक दिवस सकाळी हैदराबादच्या ट्रकवर चढले न गेले. माह्या पोटात तेव्हा तिसरा महिना होता. पोरगं झालं त्याची खबर ड्रायव्हर लोकायनं पोचवली. पांढरकवड्याच्या एसटीडीवर यांचा फोन आला. म्हणे, "बरा आहे न?" मी म्हटलं, बरा आहे. ठेवला.

गाडी याच रस्त्यानं चालवतेत. टेकडीच्या पायथ्यानं जातेत न थांबत नाही. गाडीवरचे किन्नर, म्हणजे क्लीनर पोट्टे सांगतात, टेकडी आली की आडेभाऊ बोलणं बंद करते.

आता माही गरज सांगतो. आमच्यात वर्साच्या आत झालेल्या पोराचा होळीले 'धुंड' करतात. पोराले सगळ्या तांड्यासमोर मांडीवर घेऊन बसतात, गेर नाचतात, आशीर्वाद देतात. त्या दिवशी पोरगं तांड्याचं होते. नायक म्हणे, मामा-काका कोणी बी घेऊन बसू शकते. पण याडी म्हणजे माही सासू हटून बसली आहे. म्हणते, "बाप जिवंत असताना दुसऱ्याची मांडी कायले?" होळी पंधरा मार्चले. त्याच्या आत हे घरी आले पाहिजेत, नाहीत त पुढं कधी येतीन असं मले वाटत नाही. तोंड लपवायची सवय लागते माणसाले.

म्हणून मले एक मार्च पक्की पाहिजे होती.

अजून एक. तुमी लिहिलं की यांनी पत्र लिहिलं होतं का ते आठवत नाही. मी त तसं काही विचारलंच नव्हतं जी. यांनी लिहिलं होतं का?

अंजू


लोहारा
३० जानेवारी २००६

अंजू बेटा,

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. मथुराबाईनं रोज विचारलं, उत्तर लिहिलं का. आज ती म्हणाली, "पोरगी वाट पाहून राह्यली असंन, कायले घोळवता?" म्हणून बसलो.

मी तुला खोटं लिहिलं. छापखान्याची काही चूक नव्हती. त्या बिचाऱ्यानं मी दिलं ते जुळवलं.

पुस्तक १९८४ मध्ये निघायचं होतं. तेव्हा मी शेवटी वीस वर्षांनंतरची तारीख घातली, २९ फेब्रुवारी २००४. लीप वर्ष, मुलांना गंमत वाटेल म्हणून मुद्दाम. प्रकाशकानं दोन वर्षं लावली. प्रुफं आली तेव्हा मी लाल पेन्सिलीनं ४ चा ६ केला. वीस वर्षांचं गणित जुळलं. दिवसाकडे पाहिलंच नाही. जो मास्तर उत्तर पडताळून न पाहणाऱ्या पोरांना बाकावर उभं करायचा, त्यानं हे केलं.

दोनशे चौदा मुलांपैकी एकाच्या लक्षात आलं. आवक क्रमांक ८७, १२ डिसेंबर १९८६, राजकुमार शंकरसिंग आडे, वाघझरी तांडा. जावकचा रकाना कोरा आहे. दोनशे तेरा मुलांना उत्तर दिलं आणि ह्या एकाला नाही. तुझ्या पहिल्या पत्रावरचं नाव वाचलं तेव्हाच मला तो रकाना दिसला. ते नाव मी वीस वर्षांत विसरलो नाही.

काहून दिलं नाही, तेही सांगतो. त्या शाळेत आमच्या समाजातला विज्ञान शिकवणारा मी पहिला. मुनेश्वर सरांचं पुस्तक निघालं तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे खाणारे होते तसे चूक शोधणारेही होते. 'यांना विज्ञानातलं काय कळतं' हे तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण मी ते रोज ऐकत होतो. त्यात हे कार्ड आलं. उत्तर लिहायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि कबूल केली की ती पसरणार. मी कार्ड रजिस्टरमध्ये घातलं आणि पुन्हा लिहायला बसलो नाही. वेळ मिळाला नाही, हेही खोटंच. वेळ भरपूर होता.

कार्ड सोबत पाठवतो आहे. तुझ्या घरचं आहे, तुझ्याकडे राहू दे. मी ते तेव्हा अर्धंच वाचलं होतं. पहिल्या तीन ओळींतच माझं भागलं. परवा पूर्ण वाचलं. टपाल नीट गेलं नाही तर म्हणून मजकूर इथंही उतरवतो:

"आदरणीय सरांना राजकुमारचा नमस्कार. पुस्तक चार वेळा वाचलं. २००६ ला चारनं भाग जात नाही म्हणून त्या वर्षी २९ फेब्रुवारी नाही. तीनदा भाग देऊन पाहिला. तर यान कधी येणार ते कळवा. तुमचं उत्तर येईपर्यंत ही चूक मी कोणाले सांगणार नाही. तांड्यात पुस्तक एकच आहे न ते माझ्यापाशी आहे."

तर बेटा, १ मार्च ही तारीख मी घाबरून ठोकून दिली. त्याला ठाऊक आहे की तारीखच नाही. तो कोणत्या दिवशी येईल, येईल की नाही, मला काहीच सांगता येत नाही.

मला लाज वाटते आहे. हे वाक्य लिहायला वीस वर्षं लागली.

गो. सं. मुनेश्वर


वाघझरी तांडा
१० फेब्रुवारी २००६

सर,

तुमचं पत्र वाचून मले राग आला. अजून आहे. म्हणून नमस्कार लिहिला नाही, माफ करा.

मी नायकाले सांगून बसली न. नायकानं बाजूच्या दोन तांड्यायत सांगून ठेवलं. याडीनं तीस वर्सांपूर्वीचा आरशाचा घागरा काढून उन्हात टाकला. आता मी कोणत्या तोंडानं सांगू की मास्तरनं तारीख अंदाजे ठोकली होती?

कार्ड पाहिलं. अक्षर आत्ताच्यासारखंच आहे, 'ळ'ले गाठ मारतेत.

तुमाले एक गोष्ट सांगतो, मंग तुमीच ठरवा. लग्न झालं तेव्हा मी हे पुस्तक वाचलं न म्हटलं, अहो, हे दोन हजार सहाले यान खरंच येईन काय? तर म्हणे, "तारीख सरांनी दिली आहे, सर चुकत नाहीत." नायकाच्या पोरानं एकदा शाळेत म्हटलं होतं की हे पुस्तक फेकाफेकीचं आहे. तर यांनी त्याचा दात पाडला होता. तो पडका दात नायक अजून हसू हसू सांगते. मले वाटे, पुस्तकाचं येड आहे. आता समजलं. यांच्या मनात ठाऊक होतं की चूक आहे, न तुमची चूक वीस वर्स झाकून ठेवली. बायकोले बी नाही सांगतलं.

न यांची चूक झाकायले कोणीच नव्हतं, सर. अकरा घरच्या वावरात लाल पऱ्हाटी उभी होती.

आमी एक मार्चले टेकडीवर जाणार. आता ठरलं ते ठरलं. तुमी पण या. तारीख तुमची आहे, तुमी नाही त कोण येईन? पाण्याची बाटली आणा.

अंजू


लोहारा
४ मार्च २००६

अंजू बेटा,

त्या दिवशी टेकडीवर मला धड बोलता आलं नाही. एक तर तुम्ही बोलता ते अर्धं ऐकू येत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे बोलण्यासारखं तोंड नव्हतं. सवयीप्रमाणे घरी येऊन वृत्तांत लिहिला, त्याची नक्कल देतो.

"दि. १ मार्च २००६, दुपारी चार. उपस्थित: सौ. अंजू आडे, कडेवर मूल. श्रीमती रामीबाई आडे (सासूबाई), पूर्ण पोशाखात. श्री. उत्तमसिंग नायक आणि तांड्यातील पंधरा-सोळा माणसं. वणीचे एक फोटोग्राफर, वय चौतीस, पुस्तक लहानपणी वाचलेलं, कालही येऊन गेले होते, आजही आले, दोन्ही दिवस पाण्याची बाटली आणली. लेखक स्वतः. अनुपस्थित: यान. अनुपस्थित: राजकुमार आडे."

सहा वाजेपर्यंत बसलो. कोणी मला दोष दिला नाही. तेव्हा तू लिहिलं होतंस ते कळलं, भांडले असते तर बरं.

रामीबाईंनी विचारलेलं तेवढं मात्र नीट ऐकू आलं, कारण त्या कानाशी येऊन बोलल्या. म्हणाल्या, "तुमीच काय ते यानवाले मास्तर? माह्या पोट्ट्यानं तुमाले कारट टाकलं होतं न? तो चार महिने पोस्टमनच्या मागं पये. तुमचं कारट हरपलं असंन." मी म्हणालो, हो, हरपलं. बेटा, त्या बाईसमोरही मी खोटंच बोललो. यवतमाळच्या गाडीत बसून मी रडलो. कंडक्टरला वाटलं, तिकीट हरवलं.

पण टेकडीवर दोन तास मी रस्त्याकडे पाहत होतो. हैदराबादकडून येणारा प्रत्येक ट्रक त्या चढावर टेकडीकडे तोंड करून येतो. त्यातला एक त्याचा असणार, आज नाही तर चार दिवसांनी. त्याला पत्ता नाही, पण रस्ता तर ठरलेला आहे. आणि त्याचं एक उत्तर माझ्याकडे बाकी आहे.

तर उत्तर टेकडीवर लिहायचं. चुन्यानं. मजकूर: "राजकुमार, तुझं बरोबर होतं."

हिशोब असा. उतारावरची अक्षरं खालून बुटकी दिसतात, म्हणून माणसाच्या दुप्पट उंच काढा. गाडी त्या चढावर टेकडीसमोर वीस सेकंद राहते, मी घड्याळ लावून पाहिलं. तेवढ्यात गाडी चालवणारा माणूस चारच शब्द वाचू शकेल, म्हणून मजकूर चार शब्दांचाच ठेवला आहे. आकृती आणि मापं सोबत जोडली आहेत. मी दोनदा पडताळली आहेत. तरी तू एकदा पडताळ.

कोणी विचारलं बरोबर काय होतं, तर सांग की मुनेश्वर मास्तरची तारीख चुकली होती. पांढरकवड्यापासून पुसदपर्यंत सांगितलंस तरी चालेल.

गो. सं. मुनेश्वर


वाघझरी तांडा
१२ मार्च २००६

सर, नमस्कार. आता राग नाही.

काम झालं. सगळं लिहितो.

पहिले तुमचा हिशोब पडताळला. एक चूक निघाली. तुमी पाहत होते तेव्हा रिकाम्या गाड्या जात होत्या. भरलेला ट्रक त्या चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगते. मी पोरगं कडेवर घेऊन अंक मोजत उभी राह्यली, पंचावन्न सेकंद लागतात. म्हणजे अजून दोन ओळी मावतात. तुमी चुकले ते बरंच झालं, कसं ते पुढं वाचा.

चुना नायकाच्या घरी होता, पोळ्याले उरलेला. मागायले गेली न कागद दाखवला. नायक वाचून तापलाच. "बरोबर? कायचं बरोबर? अकरा घरची पऱ्हाटी लाल झाली न याचं बरोबर?" दोन वर्सांत पहिल्यांदा तोंडातून काढलं त्यानं. मंग जे निघालं ते निघालं. त्याच्या बायकोनं बी काढलं, शेजारच्या दोघींनी बी. पारावर माणसं गोळा झाली. मी खाली मान घालून ऐकत होती न खरं सांगू, मले हलकं वाटून राह्यलं होतं. वाटे, हे इथं असते न त्यांनी हे ऐकलं असतं त गेलेच नसते.

सगळ्यायचं बोलून झाल्यावर याडी उठली. म्हणते, "तारखेचं त्याचं बरोबर होतं, बियाण्याचं चुकलं. दोन्ही लिहा न!"

नायकानं कागद पुन्हा हातात घेतला. म्हणाला, "लिहून टाका. चूक झाली त झाली. पण होळीले ये म्हणा लेकाले. दाताचा हिशोब बी बाकी आहे." न स्वतः चुन्याची बादली उचलली.

तीन दिवस सगळा तांडा टेकडीवर होता. दोरी लावून सरळ ओळी मारल्या. तुमच्या आकृतीत 'बियाणं' नव्हतं, ते मी मोजून काढलं. सगळ्यात वर यांचं नाव आहे. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, सर. सात वर्सांत मी कधी तोंडानं घेतलं नाही, कागदावर लिहा लागते तेवढंच लिहिलं. 'रा' मीच काढला. दोन माणसं उंच आहे. याडी खालून पाहून म्हणते, "पोरी, घे आता, साऱ्या हैदराबाद रस्त्याले ऐकू गेलं."

आता टेकडीवर असं आहे:

राजकुमार, तारीख तुझी बरोबर.
बियाणं चुकलं.
होळीले ये.

मजकूर बदलला म्हणून माफी. सही करायले जागा नव्हती.

काल पन्नासेक ट्रकवाल्यायनं हॉर्न मारले. एकानं गाडी थांबवून विचारलं की हा राजकुमार कोण पुढारी आहे काय. पण आमचा ट्रक कोणता ते मले ओळखू येत नाही. परवाच्या मंगळवारची रात गेली की बुधवारी पहाटे आमची होळी पेटते. आमच्यात होळी पहाटेच पेटवतात. पोराले नवा झबला शिवला आहे. मी रोज टेकडीखाली जाऊन उभी राहतो.

मले भीती वाटते, सर. पण लिहिलं ते बरं केलं.

अंजू


(पोस्टकार्ड)

वाघझरी तांडा
१७ मार्च २००६

आदरणीय सरांना राजकुमारचा नमस्कार.

आपलं उत्तर मिळालं. सोमवारी सरकी भरून येत होतो. पहिली ओळ वाचली न गाडी तिथंच बंद पडली, मागं पाऊण तास रांग लागली. बाकीच्या दोन ओळी उतरून वाचल्या. नायकानं सगळ्यायसमोर पोटभर शिव्या दिल्या न मंग पोराले माह्या मांडीवर दिलं. धुंड झाला. पोरगं गेरवाल्यायले पाहून भ्यायलं नाही.

तुमची चूक मी कोणाले सांगतली नव्हती. आता टेकडीवर लिहिल्यानं सगळ्यायले समजली, त्याचा दोष माह्यावर ठेवू नका.

पण सर, तुमच्या उत्तरात माह्या प्रश्नाचं उत्तर नाही. मी विचारलं होतं, यान कधी येणार? अंजू म्हणते तुमी वीस वर्स लिहिलं नाही. आता लिहा. पोराले वाचता येईपर्यंत पाच-सहा वर्स आहेत. तारीख ठरली की छापायच्या आधी माह्याकडे पाठवा. मी भाग देऊन पाहतो. तोवर कोणाले सांगणार नाही.

आपला,
राजकुमार शंकरसिंग आडे